रणसन्मान एकाचा, माणसं दुसऱ्यांची

सोलापुरात वर्षातून तीनदा पलटणींवरून वाद पेटतो. 1 जानेवारीला कोरेगावचा, 12 जानेवारीला चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी 1930च्या लष्करी कायद्याचा, आणि 17 सप्टेंबरला हैदराबादवरच्या कारवाईचा. तारखा वेगळ्या, मजकूर ठरलेला. एक म्हणतो, आमची रेजिमेंट 1768 पासून लढतेय. दुसरा म्हणतो, म्हणजे 1768 पासून तुम्ही कंपनी सरकारचे चाकर. तिसरा जातीच्या नावाच्या सगळ्या रेजिमेंट मोडीत काढायला निघतो, चौथा स्वतःच्या जातीची नवी रेजिमेंट मागतो. ज्या पलटणीवरून हे चाललंय ती त्या साली कुठे होती, तिच्यात कोण होते, तिच्या हातात काय होतं, असं विचारलं की चौघंही गप्प.

चौघांचं गृहीतक एकच आहे. पलटण (म्हणजे बटालियन; अशा अनेक पलटणींची मिळून रेजिमेंट) म्हणजे जणू अडीचशे वर्षं जगलेला एकच माणूस. त्याला एक जात, एक निष्ठा, एक स्वभाव. प्रत्यक्षात कुठल्याही जुन्या पलटणीला तीन वेगवेगळ्या वंशावळी असतात. पहिली कागदावरची: नाव, क्रमांक, रणसन्मान (लढाईतल्या कामगिरीबद्दल पलटणीच्या नावावर कायम जमा होणारा मान), मेसमधली चांदीची भांडी. दुसरी माणसांची: कुठल्या मुलखातून, कुठल्या समाजातून भरती झाली. तिसरी कामाची: हत्यार कोणतं, कामगिरी कोणती, हुकूम आणि पगार कुणाचा. या तिन्ही वंशावळी फार थोडा काळ एकमेकींना धरून चालतात आणि मग फुटतात. त्या फुटतात तिथेच खरा इतिहास असतो, आणि आपले वाद नेमके तिथेच डोळे मिटतात.

कोरेगावचंच घ्या. 1 जानेवारी 1818 रोजी भीमेकाठी पेशव्यांच्या फौजेशी लढलेली कंपनीच्या पायदळाची पलटण होती मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. सोबत पुणे इर्रेग्युलर हॉर्सचे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन सहा-पौंडी तोफा. स्तंभावर कोरलेल्या नावांत महार सैनिक मोठ्या संख्येने आहेत, तसे इतरही आहेत. आता प्रश्न असा की कोरेगावचा रणसन्मान आज कुठल्या रेजिमेंटच्या खात्यावर आहे? दहातले नऊ जण महार रेजिमेंट म्हणतील. कागदाप्रमाणे तो जातो ग्रेनेडियर्स आणि पूना हॉर्सकडे. कोरेगावच्या कामगिरीबद्दल त्या पलटणीला ग्रेनेडियर हा किताब मिळाला, 1903च्या फेरक्रमांकनात ती 102वी ग्रेनेडियर्स झाली आणि आज ती 2 ग्रेनेडियर्स आहे. तिची भरती मुख्यतः राजस्थान, हरियाणाच्या बाजूची; जाट, राजपूत, कायमखानी मुसलमान. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी रक्त सांडलं त्यांच्या हाती कागद नाही, आणि ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्या पूर्वजांचा भीमेशी संबंध नाही. शिवाय भारतीय सत्तांविरुद्ध मिळवलेले असे रणसन्मान स्वतंत्र भारताच्या सैन्याने साजरे करणं सोडून दिलं आहे. हे कळल्यावर ‘तुमची रेजिमेंट’ आणि ‘आमची रेजिमेंट’ या शब्दांत नेमकं काय उरतं?

इथे समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. कोरेगावचा वारसा सांगणाऱ्यांना पलटणीच्या कागदाशी कर्तव्य नाही. त्यांचा दावा माणुसकीचा आहे. ज्यांची सावली टाळली जायची त्यांनी बंदूक पेलली, हे त्यांना सांगायचंय. दावा शंभर टक्के खरा आहे. पण तो ठसतो कागद आणि माणसं वेगळी केल्यावरच. 1890च्या दशकात काही जमातीच ‘लढवय्या’ असतात या इंग्रजांच्या खुळापायी महारांची भरती बंद झाली. ज्या सैन्याने या समाजाला सुभेदार दिले, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे त्यांतलेच, त्याच सैन्याने दार लावून घेतलं. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच, 1921 मध्ये, मोडली गेली. पुढे 1941 च्या जुलैत डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पलटणीने सन्मान ठेवून घेतला आणि माणसांना बाहेर काढलं, हा तो अन्याय आहे. ‘1818 पासून अखंड परंपरा’ म्हणणारा माणूस नकळत मधली पन्नास वर्षं पुसतो, म्हणजे स्वतःच्याच बाजूचा सर्वांत मोठा पुरावा पुसतो.

आता तिसरी वंशावळ, कामाची. तिच्याकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. आधी त्यांच्या मध्ये कोरेगावचा स्तंभ होता, नंतर तिथे खंजीर आला. मशीनगन गेल्या नाहीत. भाषणात या बिल्ल्याचा अर्थ ‘शौर्य’ असा एका शब्दात उरकला जातो. खरा अर्थ असा की 1946 पासून 1960च्या दशकापर्यंत ही मशीनगन रेजिमेंट होती, आणि मशीनगन पलटणीचं काम पायदळापेक्षा पार निराळं असतं. व्हिकर्स पाण्याने थंड ठेवावी लागते. नळीभोवतीच्या टाकीत चार लिटर पाणी. पाण्यासकट मशीनगन अठरा किलोच्या आसपास, तिची तिपाई त्याहून जड. 250 काडतुसांचे कापडी पट्टे, मिनिटाला साडेचारशे-पाचशे फैरी. सतत मारा केला तर तीनेक मिनिटांत पाणी उकळतं आणि वाफ सुटते. ती रबरी नळीने डब्यात उतरवायची, डब्यात थंड होऊन जमलेलं पाणी परत टाकीत ओतायचं. नळी लावायची राहिली तर वाफेचा पांढरा झोत वर जातो आणि शत्रूच्या तोफखान्याला आयती खूण मिळते. पट्टा दमट झाला की कापड काडतूस घट्ट धरून ठेवतं, ते सरळ ओढलं जात नाही आणि मशीनगन अडते. म्हणून पावसात आणि बर्फात पट्टे कोरडे ठेवणं हेच निम्मं काम. डोंगरात मशीनगन, तिपाई, पाणी, पट्टे असं सगळं माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर वाटून न्यायचं, आणि वर पोचल्यावर मोजमाप घेऊन ठरलेल्या रेषेवर तासन्‌तास मारा धरून ठेवायचा.

याचा इतिहासलेखनावर काय परिणाम होतो ते बघा. मशीनगन पलटण सहसा एकत्र लढतच नाही. तिची एक कंपनी या ब्रिगेडला, दुसरी त्या ब्रिगेडला, एखादी प्लाटून भलत्याच ठाण्यावर. टेकडी जिंकली की नाव होतं संगिनी लावून चढलेल्या पायदळाचं. ज्यांच्या माऱ्याखाली ते चढले त्यांचा उल्लेख दुसऱ्याच्या इतिहासात एका ओळीत, ‘मशीनगनच्या आधाराने’ असा. त्यामुळे 1947-48च्या काश्मीरमधलं महार जवानांचं काम शोधायचं तर ते इतर पलटणींच्या युद्धनोंदींतून वेचून काढावं लागतं. ते किचकट आहे. त्यापेक्षा 1818च्या घोषणा सोप्या, म्हणून ते राहून जातं. पुढे 1956 मध्ये बॉर्डर स्काउट्स या सीमेवरच्या दलाच्या पलटणी या रेजिमेंटमध्ये आल्या, भरती देशभरातून होऊ लागली, आणि 1987 मध्ये श्रीलंकेत परमवीर चक्र मिळवलं ते 8 महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी. नाव तेच राहिलं, माणसं आणि काम दोन्ही बदललं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची गोष्टही अशीच. 1768चा दाखला खरा आहे. जंगी पलटण त्याच साली उभी राहिली. पण उभी राहिली ती मुंबई शिपायांची पलटण म्हणून, आणि नावात ‘मराठा’ आलं 1903 मध्ये, सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत. तोवर ती क्रमांकाने ओळखली जायची. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकून 29 एप्रिल 1916 रोजी कैद झालेल्या मराठा पलटणींत डेक्कनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. आमच्या गल्लीतले अभिमानी लोक कुतचं नाव घेतात, या कंपन्यांचं घेत नाहीत. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताबही मुळात कामाचा होता: ओळीत न उभं राहता पांगून पुढे सरकणारं, चपळ पायदळ. बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्याच्या बचावानंतर ‘काळी पाचवी’ या पलटणीला तो 1841 मध्ये मिळाला. आज तो वेगवान कवायतीत आणि बिल्ल्यावरच्या बिगुलात उरलाय. आणि 1797 साली उभी राहिलेली तिसरी मराठा पलटण? ती 1952 पासून 2 पॅरा, म्हणजे छत्रीधारी पलटण, आहे. 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलला छत्रीने उतरली ती हीच.

सोलापूरला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र नळदुर्ग रस्त्यावरचं आहे, आणि तिथे नावं किती फसवतात ते नीट दिसतं. निजामाच्या पदरी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती; तिचा एक उगम म्हणजे रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) हेन्री रसेलने 1813 मध्ये उभारलेली रसेल ब्रिगेड. या फौजेचा खर्च थकला म्हणून 1853च्या तहात निजामाला वऱ्हाड आणि रायचूरसोबत नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली करावा लागला. 1860 मध्ये नळदुर्ग परत मिळाला. म्हणजे आपल्या शेजारचा अख्खा जिल्हा एका फौजेच्या पगारापोटी सात वर्षं गहाण होता. ही फौज 1903 मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विरघळली, पहिल्या महायुद्धानंतर 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली. हळूहळू तिच्यातली दख्खनची माणसं मागे पडली. कुमाऊँनी, अहीर, जाट भरले होते. शेवटी 27 ऑक्टोबर 1945 रोजी नावही बदललं: कुमाऊँ रेजिमेंट. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, देशाचं पहिलं परमवीर चक्र, याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. आता सांगा, निजामाच्या पैशावर वाढलेल्या फौजेच्या वारसांना ‘निजामाची पलटण’ म्हणायचं का? कुणाची तशी हिंमत होणार नाही, आणि होऊही नये. मग हाच न्याय बाकीच्या पलटणींना का नाही?

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या फौजा सोलापूरहून निघाल्या तेव्हा नळदुर्गात त्यांच्यासमोर उभी होती पहिली हैदराबाद इन्फन्ट्री. ही निजामाच्या संस्थानी सैन्याची पलटण. वर सांगितलेल्या 19व्या हैदराबाद रेजिमेंटशी तिचा घोळ घालू नये, जो हमखास घातला जातो. त्या सकाळचा कळीचा मुद्दा होता बोरी नदीवरचा पूल. सप्टेंबर म्हणजे भर पावसाळा. रणगाडे आणि मालमोटारी काळ्या मातीत उतरवता येत नाहीत, रस्ता सोडला की रुतल्या. पूल उडाला असता तर इंजिनिअर तुकड्यांनी नवा उभारेपर्यंत सगळा ताफा रस्त्यावर खोळंबला असता. सातव्या ब्रिगेडने अचानक मुसंडी मारून पूल शाबूत ताब्यात घेतला, 2 शीखने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला, सकाळी नऊला रणगाडे जळकोटात आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, हद्दीपासून साठेक किलोमीटर आत. तिकडे तुळजापूरवर गेलेल्या ताफ्यात 3 कॅव्हलरीचे रणगाडे, गुरखे, पंजाबी आणि चक्क मेवाड इन्फन्ट्री होती: एका संस्थानची पलटण दुसऱ्या संस्थानावर. या ताफ्याची लोहाऱ्याकडची वाट नदीला पूर आल्याने अडलीच. पूल नसल्यावर काय होतं याचा दाखला त्याच दिवशी, त्याच तालुक्यांत मिळाला.

आपल्याकडे ही मोहीम ‘अमक्या रेजिमेंटने निजामाला गुडघ्यावर आणलं’ अशी सांगितली जाते. रिसाला, पायदळ, तोफखाना, इंजिनिअर, मालमोटारी यांची ती बांधेसूद कामगिरी होती, कुठल्या एका जमातीच्या मर्दुमकीची नव्हे. आणि पलटणींचे इतिहास 18 सप्टेंबरच्या शरणागतीशी थांबतात, हेही बोलायला हवं. रझाकारांचे जुलूम खरे होते, लोकांची सुटका खरी होती. त्यानंतर जे झालं तेही खरं होतं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक कत्तल झाल्याचं नोंदवलं. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. काही ठिकाणी सैनिक-पोलिसांनीच लूट केल्याचं, तर काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवल्याचं, अशी दोन्ही निरीक्षणं त्याच अहवालात आहेत. पाच दिवसांची चढाई आणि पुढचे आठवडे, ही दोन वेगळी कामं होती. पहिल्याच्या झळाळीत दुसरं झाकायचं नाही आणि दुसऱ्याच्या काळोखाने पहिलं नासवायचं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. काम बदलतं, माणसं बदलतात, असं म्हणत गेलं तर जबाबदार कुणालाच धरता येणार नाही. 1930 मध्ये सोलापूरवर लष्करी कायदा लादणाऱ्यांनाही ‘त्या काळचं ते काम’ म्हणून सोडून द्यायचं का? मुळीच नाही. उलट 12 मे ते 30 जून 1930चा हिशेब काटेकोर मांडायचा तर फौजेला कुणी बोलावलं, गांधी टोपी हा गुन्हा कुणी ठरवला, शिक्षा कुणाच्या सहीने झाल्या, हे बघावं लागतं. ‘लष्कराने केलं’ किंवा ‘अमक्या जातीच्या पलटणीने केलं’ म्हटलं की हुकूम देणारे अलगद निसटतात. आणि हुकूम मोडणारेही दिसेनासे होतात. सोलापूर पेटण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, 23 एप्रिल 1930 रोजी, पेशावरात रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीतल्या चंद्रसिंह गढवालींच्या तुकडीने निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला आणि कैद भोगली. याच रेजिमेंटने पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सम्राटासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले होते. गढवाल रायफल्स ‘निष्ठावंत’ की ‘बंडखोर’? सालाशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. स्वतंत्र देशात शहरातल्या दंग्यासाठी सरसकट लष्कर बोलवायचं नाही म्हणून 1948 मध्ये मुंबई राज्याने राखीव पोलीस दल उभारलं. सोलापूरच्या सोरेगावातला दहा नंबरचा गट त्यातलाच. तेही कामाच्याच वंशावळीचं पान आहे.

दुसरा आक्षेप माजी सैनिकांचा, आणि तो अनुभवातून येतो: गोळ्या सुटत असताना माणूस इतिहासाचा तर्क करत नाही, पलटणीच्या नावासाठी उभा राहतो; त्या नावातून जात-प्रांत काढलात तर हातात काय उरेल? नावाची ताकद मला मान्य आहे. पण ती ताकद रक्तातून येते की सरावातून? 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिली उतरलेली 1 शीख पलटण 1979 नंतर 4 मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री झाली. रूपांतर म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. आकृतिबंध नवा, बीएमपी या चिलखती गाडीत तीन जणांचा चमू आणि मागे सात-आठ जवान एवढीच जागा, चालक-तोपची-कमांडरचे अभ्यासक्रम अहिल्यानगरच्या सेंटरमध्ये, आणि भरती सर्व समाजांतून. 1 शीखचे रणसन्मान आज अशा जवानांच्या हाती आहेत ज्यांतले कितीतरी शीख नाहीत. त्यांनी ते टाकून दिले नाहीत. दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही 1949 पासून मुद्दाम सर्व समाजांची म्हणून काढलेली रेजिमेंट. तिची चौदावी पलटण 1968 मध्ये उभी राहिली. तीनच वर्षांत, डिसेंबर 1971 मध्ये, गंगासागरला मशीनगनचा बंकर हातघाईने बंद करणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का याच पलटणीचे, आणि ते उराँव आदिवासी होते, ज्यांना इंग्रजांच्या ‘लढवय्या’ यादीत जागा नव्हती. तीन वर्षांच्या परंपरेवर परमवीर चक्र मिळतं, तर नव्या जातवार रेजिमेंटची मागणी कशाच्या आधारावर उभी आहे? स्वातंत्र्यानंतर अशी नवी रेजिमेंट काढायची नाही हे सरकारचं धोरण याच अनुभवावर टिकून आहे. आणि जुनी नावं पुसा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं, की महार रेजिमेंटचं नाव उद्या नुसता क्रमांक झालं, तर 1890च्या दशकात लावलेलं दार 1941 मध्ये कुणी उघडायला लावलं, हा पुरावाही त्यासोबत जाईल. नावं ठेवा, भरती खुली ठेवा. सैन्य बऱ्याच अंशी तिकडेच सरकतंय. मराठवाड्यात झाडं लावणारी प्रादेशिक सेनेची पर्यावरण पलटण महार रेजिमेंटच्याच नावाने चालते, आणि त्या झाडांची जात अजून तरी कुणी काढलेली नाही.

सोलापूरकरांच्या हातात याबाबत एक छोटं काम आहे. भुईकोट किल्ला, चार हुतात्मा चौक आणि नळदुर्गचा पूल ही फौजांची तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी पलटणींची नावं लिहायची झाली तर नावासोबत साल, त्या साली पलटणीत कुठली माणसं होती, हत्यार काय, हुकूम कुणाचा आणि आज ती पलटण कुठल्या नावाने आहे, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. किल्ल्यापाशी याची सुरुवात करताच पहिला धक्का बसेल. मे 1818 मध्ये थॉमस मन्रोने हा किल्ला घेतला तेव्हा हल्ला करणाऱ्यांत मद्रास आर्मीचे शिपाई होते, आणि पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या पायदळात अरब.